तापीच्या डोहात बुडवून ठेवलेली नाव

शनिवार, १७ जानेवारी, पहाटे पावणेपाच. बोदवडच्या आमच्या घरात, न्हाणीत उकिडवा बसून, डोळ्यांवर डायव्हिंगचा मास्क लावून मी थंड पाण्याच्या बादलीत तोंड बुडवलं होतं. मास्कच्या डाव्या कडेने पाणी आत शिरतं का, ते बघत होतो. ही चौथी वेळ. तीन वेळा शिरलं नव्हतं, पण तेवढ्याने माझं समाधान होत नाही.

आई बंब पेटवायला आली आणि दारातच थांबली. "मराचंच असीन तं नदीत जाय," ती म्हणाली, "बादली मले धुण्याले लागते."

नदीतच चाललोय, असं मी सांगितलं. डब्यात मात्र दोन पोळ्या जास्त निघाल्या.

मी बोदवडला एका दुकानात पगारावर मोटार रिवाइंडिंग करतो, म्हणजे विहिरीतल्या जळालेल्या पाणबुडी मोटारी उघडून त्यांना नवी तार भरतो. अकरावीत शाळा सुटली. पाण्याचा दाब काय करतो हे मला पुस्तकाने शिकवलं नाही, फुटलेल्या सीलने शिकवलं. दोन वर्षांपूर्वी पैसे साठवून मालवणकडे गेलो आणि स्कूबाचा पहिला कोर्स केला. तिथलं पाणी कोमट, आणि खाली मासे दिसतात. परत आल्यापासून एकच विचार डोक्यात होता, बुडालेलं जहाज बघायचं. बुडालेली जहाजं समुद्रात असतात आणि समुद्र बोदवडपासून फार लांब आहे.

हे मी धुळ्याच्या भूषणभाऊंना बोलून दाखवलं. भूषणभाऊ पाण्याखालची कामं घेतात. जॅकवेलची, म्हणजे नदीतून पाणी उपसायच्या विहिरीची, जाळी साफ करणं, अडकलेला व्हॉल्व्ह मोकळा करणं, अशी. सिलिंडर, कॉम्प्रेसर, दोर, सगळं त्यांचं स्वतःचं आहे. ते हसले. म्हणाले, जहाज नाही पण नाव चालेल का? शिंदखेडा तालुक्यात तापीवरच्या बॅरेजच्या फुगवट्यात एका म्हाताऱ्याची नाव बुडालेली आहे. निदान तो तसं म्हणतो. भूषणभाऊ गेटच्या कामाला गेले की तो दर वेळी काठावर येऊन बसतो आणि एवढी माझी नाव बघता का, असं विचारतो. त्यात पैसे नव्हते, म्हणून ते आजवर गेले नव्हते. आता जायला हवं होतं, कारण होळीनंतर म्हातारा मुलाकडे सुरतेला कायमचा राहायला जाणार होता.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मामला दोन भावांचा आहे.

बोदवडहून पॅसेंजरने भुसावळ, तिथून सुरत लाइनची पॅसेंजर. जळगाव, अमळनेर, नरडाणा करत ती शिंदखेड्याला पोहोचवते. डायव्हिंगचं सामान घेऊन जाणार असाल तर शेवटच्या डब्यात बसा, तिथे दाराशी जागा मिळते. माझ्या फिन्स बघून समोरच्या काकांनी, कशाचे सुटे भाग आहेत, असं विचारलं. पायात घालायचे आहेत म्हटल्यावर त्यांनी त्या हातात घेऊन उलटसुलट बघितल्या आणि शेतात चिखलणीला चालतील का, असा प्रश्न केला. अजूनही मी त्याचा विचार करतो.

स्टेशनबाहेर शेवभाजी आणि पोळी खाल्ली. नव्वद रुपये, तर्री हवी तेवढी. दुपारी भूषणभाऊ धुळ्याहून पिकअप घेऊन आले. मागे चार सिलिंडर ताडपत्रीत गुंडाळलेले. पाटबंधारेवाल्यांना त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, गेटपासून लांब राहायचं या अटीवर. कुणाला हे करून बघायचं असेल तर परवानगीशिवाय आणि अशा माणसाशिवाय पाण्यात पायसुद्धा घालू नका. शेवटचे काही किलोमीटर रस्ता कापसाच्या शेतांमधून जातो. खड्ड्यांमध्ये सिलिंडर खणकत होते, आणि प्रत्येक खणकण्याला मी मागे वळून बघत होतो.

सुका आबा ओट्यावर वाट बघत होते. पंचाहत्तरीच्या आसपासचे असतील, पण खांदे अजून वल्हं मारणाऱ्या माणसाचे. आम्ही चहा घेत होतो तेव्हाच त्यांनी सगळं सांगितलं, आणि ते मी इथे नीट लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

पूल नव्हता तेव्हा या गावाहून पलीकडे शिरपूर तालुक्यात जायला आबांची नाव होती. आबा आणि त्यांचा धाकटा भाऊ हिरामण नाना, दोघांची निम्मी निम्मी. माणसं, सायकली, शेळ्या, भाजीचे भारे, सगळं त्यातून जायचं. सागवानी नाव, चौदा हात लांब. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहेच. रिकामी नाव काठावर ओढून ठेवली तर महिन्याभरात फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात आणि मग ती कधीच पाणी धरत नाही. म्हणून पाणी आटायला लागलं की नाववाले आपली नाव स्वतःच बुडवायचे. दगड भरायचे, पाणी आत घ्यायचं आणि ती तळाला बसवायची. लाकूड पाण्यात राहतं, फुगलेलं राहतं. पाऊस लागला की दगड काढायचे, पाणी उपसायचं, की नाव वर येते. दरवर्षी दोघं भाऊ मिळून हे करायचे, घाटाखालच्या एकाच जागी, त्याच त्या दगडांनी. त्यांत एक दगड म्हणजे त्यांच्या आईच्या झिजलेल्या जात्याची वरची तळी. ती नेहमी नाळेत, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकात ठेवायची. आई गेल्यावर जातं फेकवेना, आणि दळायलाही उपयोगाचं नव्हतं.

वीसेक वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात नाना सुरतेला साडीच्या कारखान्यात कामाला गेलेले. घाटाखाली वाळूचे ट्रॅक्टर उतरायला लागलेले. नावेला धक्का लागेल म्हणून आबांनी मजूर लावून ती खालच्या डोहात नेली आणि एकट्याने तिथे बुडवली. त्याच पावसाळ्यानंतर बॅरेजची गेटं पहिल्यांदा बंद झाली, आणि पाणी चढलं ते उतरलंच नाही. नाना परत आले. त्यांनी घाटाखाली बुड्या मारमारून शोधलं. नाव नाही. डोहात आहे म्हटलं तर त्यांना पटेना, कारण डोहात कुणी नाव बुडवत नाही. त्यातच शिरपूरच्या कुठल्याशा लाकूडवाल्याने जुन्या सागाच्या फळ्या विकत घेतल्याची बातमी आली. नानांनी हिशोब जुळवला. भावाने नाव विकली, निम्मे पैसे खाल्ले आणि वर आईचं जातंही घालवलं. "नाव दखाड, मंग तुना उंबरा चढसू," नाव दिसेपर्यंत भावाच्या घरात पाय ठेवणार नाही, एवढं बोलून ते पलीकडच्या काठावर, सासरवाडीच्या गावात राहायला गेले. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत.

आबांनी हे सांगताना आवाज चढवला नाही. शेवटी फक्त म्हणाले, "नाव इकेल नई, बुडाडेल शे."

जेवायला दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची, भाकरी, भरीत आणि वर कच्च्या कांद्याची पात. भरीत इतकं चांगलं होतं की मी तीन वेळा घेतलं. आता एक अनुभवाचा सल्ला. पाण्यात उतरायच्या आदल्या रात्री भरीत खाऊ नका. खाली गेल्यावर ढेकर येतो, तो श्वास घ्यायच्या, तोंडातल्या रेग्युलेटरमधूनच बाहेर जातो, आणि पुढची दहा मिनिटं तुम्ही लसणाची हवा ओढत राहता.

रविवारी सकाळी नदीवर धुकं होतं. काठाच्या गवतावर दव, हात खिशातून काढवत नव्हता. भूषणभाऊंच्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरने पाणी अठरा अंश दाखवलं. थंड देशांतले लोक याला हसतील. पण आम्ही बेचाळीसला कूलर लावायचा की नाही यावर चर्चा करणारी माणसं, आम्हाला अठरा म्हणजे बर्फ. माझा सूट मालवणच्या पाण्यासाठीचा, पातळ. आबांच्या सुनेने चुलीवर एक हंडा पाणी तापवलं आणि उतरण्याआधी ते गळ्यातून सूटमध्ये ओतलं. याला एक पैसाही लागत नाही आणि पहिली पंधरा मिनिटं याच्यासारखं सुख नाही.

गावातून एक डोंगी, म्हणजे छोटी होडी, भाड्याने घेतली. भूषणभाऊ स्वतः सूट घालून तिच्यात, माझ्या कमरेला बांधलेला दोर त्यांच्या हातात. एकदा ओढलं की ठीक आहे, दोनदा ओढलं की ढील द्या, तीनदा ओढलं की वर काढा. शोधायची पद्धत अशी: सिमेंट भरलेलं डबडं तळाला सोडायचं, त्याला गाठी मारलेला दुसरा दोर. पहिली गाठ धरून डबड्याभोवती एक फेरी, मग दुसरी गाठ धरून जरा मोठी फेरी. काही लागलं तर दोर अडतो.

डबडं कुठे टाकायचं ते आबांनी काठावरून हाताने दाखवलं. मी व्हॉल्व्ह तपासला, पुन्हा तपासला. भूषणभाऊ म्हणाले, "तू तपासतोस म्हणून मला भीती वाटत नाही. पण उतर आता, हंड्याचं पाणी गार झालं."

सहा मीटर. एवढंच. घरातल्या घरात सांगायचं तर दोन मजले. पण वरचा उजेड पहिल्या मीटरमध्ये हिरवा होतो, दुसऱ्यात तपकिरी, आणि तळाला माझाच हात मला कोपरापर्यंत दिसत होता. मालवणला डोळे शिकतात, इथे बोटं. गाळ पिठासारखा मऊ, त्यात शिंपले. एक टायर लागलं. एक पाट लागला, गणपती विसर्जनात गेलेला असणार, त्याच्या चारही पायांना शेवाळ. तो होता तसाच ठेवला. एक अर्धं मडकं लागलं, त्याच्या आतून काहीतरी सळसळत निघून गेलं आणि मी जागच्या जागी दोन श्वास थांबलो. प्रत्येक वस्तू अंधारातून आधी हाताला भेटायची आणि मग डोळ्यांना, आणि दर वेळी वाटायचं, हीच. शेवटच्या गाठीपर्यंत फिरलो. नाव नव्हती.

वर आलो तेव्हा ओठ हलत नव्हते. आबांनी काठावरून विचारलं, "काय दखायनं?" मी नकाराची मान हलवली. ते म्हणाले की पाणी चढल्यापासून काठ मागे सरकला, पलीकडचं देऊळही वर हलवलं, खूण कुठून धरायची तेच कळत नाही. एखाद्याने ऐकलं असतं तर त्याला ही सबब वाटली असती. खरं सांगतो, त्या क्षणी मलाही वाटली.

मी शेकोटीपाशी अंग शेकत होतो तेव्हा पलीकडच्या काठावरून एक डोंगी आली. तिच्यात पांढऱ्या मिशांचे, डोक्याला मफलर बांधलेले एक आजोबा. त्यांनी डोंगी भूषणभाऊंच्या डोंगीला टेकवली आणि तक्रार सुरू केली. तुमच्या बुडबुड्यांनी मासे पळाले, रविवारी गिऱ्हाईक असतं, आणि काय शोधताय ते शोधा पण खाली त्या वळणाकडे दोर नेऊ नका. का, म्हणून भूषणभाऊंनी विचारलं.

"तठे खडक शे," ते म्हणाले. "मना बठ्ठा जाळा तठेच फाटतस."

मी आबांकडे बघितलं. आबा नदीकडे पाठ करून बसले होते. तेव्हा मला कळलं की हे हिरामण नाना.

मी आबांना हळूच विचारलं, वळणाजवळ पूर्वी खडक होता का? ते पाठमोरेच म्हणाले की खडक कसला, तिथून ते तीस वर्षं नाव हाकत होते, तळाला नुसती वाळू. म्हणजे नानांची जाळी फाडणारं ते नंतर तिथे आलेलं काहीतरी होतं.

आता इथे मी थांबलो, हे कबूल करतो. पाण्याखाली थंडी वाईट, अंधार वाईट, पण जाळ्याइतकं वाईट काही नाही. जाळं दिसत नाही, आणि जितकं धडपडाल तितकं आवळतं. भूषणभाऊ म्हणाले, मी जातो. पण मग दोर कुणी धरायचा? मी धरला असता तर ते खाली अडकल्यावर त्यांना सोडवायला मी उतरणार होतो, म्हणजे त्याच जाळ्यात, आणि घाबरून. त्यापेक्षा त्यांनी वर असणं बरं. आणि दुसरं कारण, तेही लिहितो: मला बघायचं होतं. पायाला सुरी बांधली, छातीवर कात्री. हंड्याचं उरलेलं पाणी पुन्हा सूटमध्ये. नाना आपल्या डोंगीतून, खडक बघायला एवढा पोशाख कशाला, असं म्हणत मजा बघत थांबले.

डोंगी वळणापाशी नेली आणि दोराला धरून सरळ खाली गेलो. तळाच्या जरा वर हाताला केसांसारखं काहीतरी लागलं. जाळं. मी थांबलो, श्वास मोजला, आणि फक्त बोटांच्या टोकांनी ते बाजूला करत पुढे सरकलो. जाळ्याच्या थरांखाली टणक काहीतरी होतं. मी त्यावरून हात फिरवला. ते सरळ होतं. पुढे गेलो, अजून सरळ. खडकाला एवढी सरळ कड नसते. मग अंगठ्याखाली खिळ्याचं डोकं आलं, वीतभर अंतरावर दुसरं, मग तिसरं. मी लाकडाला नख लावून बघितलं. नख रुतलं नाही.

बाकी जगात लोक मोठमोठी जहाजं बघायला जातात. मी सांगतो, अंधारात एकेका खिळ्याने नाव हाताला कळत जाते, त्याच्यासारखं काही नाही. आडव्या फासळ्या. फासळ्यांमध्ये गोल दगड, नीट ओळीत लावलेले. कुणीतरी घाईत टाकलेले नाहीत, लावलेले. नावेचं अंग निमुळतं व्हायला लागलं तशी नाळ जवळ आली. तिथे गाळात एक चपटा गोल दगड होता. मी त्याच्या मधोमध बोट नेलं. भोक होतं. कडेला खुंट्याची खाचही होती.

परत वळताना उजवी फिन जाळ्यात अडकली. मी एक पाय हलवला, तो आणखी आवळला. तेव्हा मी काहीच केलं नाही. तीन श्वास फक्त घेतले आणि सोडले, लसणाच्या वासासकट. मग कात्री काढून जाळं कापलं. भरपूर कापलं, गरजेपेक्षा जास्त. मग भूषणभाऊंच्या दोराचं सुटं टोक जात्याच्या भोकातून ओवलं, गाठ मारली, गाठ पुन्हा तपासली, आणि वर आलो.

दोघांनी मिळून ओढलं. जातं पाण्याबाहेर आलं ते जाळ्याची एक मोठी गुंतवळ घेऊन. तिच्यात चपलांच्या तळव्यांचे कापलेले रबरी तुकडे, तरंगायला बांधलेले. नाना आपल्या डोंगीतून वाकले. "हाई मनं जाळं शे," ते म्हणाले, आणि ते आपल्याकडे ओढायला लागले. ओढता ओढता त्यांचा हात दगडाला लागला. त्यांनी जाळं बाजूला केलं. तळहाताने गाळ पुसला. खुंट्याच्या खाचेत बोट घातलं.

मग त्यांनी काठाकडे तोंड करून आवाज दिला. वीस वर्षांनंतरचं पहिलं वाक्य, आणि ते रागाचं होतं.

"डोहमा कोन बुडाडस रे नाव?"

आबा आतापर्यंत पाठ करून होते. ते उठले आणि वळले. "तू व्हता का अठे? सुरतले व्हता ना."

नानांनी जातं आमच्या डोंगीतून आपल्या डोंगीत घेतलं. आम्ही मदतीला हात पुढे केला तो त्यांनी बाजूला सारला. आणि डोंगी पलीकडे न नेता आबांच्या काठाकडे वळवली.

दुपारी त्याच ओट्यावर सगळे जेवलो. जातं पायरीशी ठेवलेलं, त्याच्याखाली ओल पसरत होती. दोन्ही म्हातारे त्या जागेवरून भांडत होते, घाटाखाली पाणी किती होतं, ट्रॅक्टर खरंच होते का, मजूर कोण होते. दोघांचाही आवाज चांगलाच चढला होता आणि आबांची सून न विचारता नानांच्या ताटात भाकरी वाढत होती. नाव वर काढता येईल का, असं नानांनी मला विचारलं. मी खरं ते सांगितलं. एक बाजू गाळात आहे, पण लाकूड शाबूत आहे, निदान मी हात लावला तिथे. त्यावर नाना आबांना म्हणाले की दगड जरा जास्तच भरले होतेस. आबा म्हणाले, म्हणूनच वाहून गेली नाही.

सोमवारी सकाळी मी बोदवडला दुकानात होतो. समोर एका जळालेल्या मोटारीचं तांबं उलगडत होतो, आणि नखाखाली तापीचा गाळ अजून होता. मला बुडालेलं जहाज बघायचं होतं. जे बघितलं ते बुडालेलं नव्हतं, सांभाळून ठेवलेलं होतं, आणि ते आजही तिथेच आहे. फोटो मागू नका. गढूळ पाण्यात कॅमेऱ्याला काही दिसलं नाही. बोटांना जे कळलं ते वर लिहिलं आहे.

खर्च, जाऊन येऊन एकट्याचा: रेल्वे शंभर रुपये, शिंदखेड्याची शेवभाजी नव्वद, डोंगीचं भाडं पाचशे, पिकअपच्या डिझेलचा माझा वाटा सातशे. आबांकडच्या दोन जेवणांचे पैसे घेतले नाहीत.

देणं: भूषणभाऊंना दोन सिलिंडर भरल्याचे सहाशे, पगार झाल्यावर.

आणि नानांचं मी कापलेलं जाळं, तीनशे रुपये. मी तिथल्या तिथे पैसे काढले होते. नानांनी माझा हात परत खिशाकडे ढकलला आणि आबांकडे बोट केलं. "तुनाकडतून लेवाव नई. त्यानाकडतून लिसू. दर रयवारले धा रुप्या, अठे ईसन." दर रविवारी नाना इथे येऊन दहा रुपये घेणार, हे आबांनी मान्य केलं. मी घरी येऊन हिशोब केला. होळीपर्यंत, म्हणजे आबा सुरतेला निघायच्या वेळेपर्यंत, साठच रुपये फिटतात.